अनिकेत म्हणजे बेघर नव्हे

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९



बारावा आणि पंधरावा हे गीतेतले सगळ्यात छोटे अध्याय, प्रत्येकी २० श्लोकांचे. बाराव्यात १३व्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. आज आपण त्यातल्या १९व्या श्लोकावर आलोय. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, जो मोजकं बोलतो, जे मिळेल त्यात समाधानी असतो, असं सांगता सांगता भगवंत दोन शब्द एकमेकांना लागून ठेवतात: अनिकेत आणि स्थिरमती.

अनिकेत हे नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. कॉलेजच्या बॅचमध्ये एक तरी अनिकेत असतोच. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. आता सांगा, कुठले आई-बाप हौसेने मुलाचं नाव 'बेघर' ठेवतील? म्हणजे शब्दात आणखी काहीतरी आहे. आणि लगेच पुढचा शब्द बघा. ज्याचा पत्ता पक्का नाही, त्याची बुद्धी मात्र पक्की. आपलं बहुतेकांचं उलटं असतं. पत्ता बदलला की आधी बुद्धी हलते.

आपल्यापैकी किती जण आत्ता 'तात्पुरत्या' जागेत आहेत, जरा विचार करा. कोणी पीजीमध्ये, कोणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायचीत. कोणी प्रोजेक्ट संपून बेंचवर, कोणी नोटीस पिरियडमध्ये, कोणी व्हिसाची वाट बघतोय. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "एकदा सेटल झालो ना, की मग सुरू करतो." काय सुरू करतो? जप, पारायण, व्यायाम, आई-बाबांना रोज फोन. साधनेला आपण कायमच्या पत्त्याची अट घालून ठेवलेली असते.

ही अट खरंच लागते का, हे मला एका परसबागेने दाखवलं. म्हणून आज श्लोकासोबत थोडी मातीही.

आमचं गाव नागझिऱ्याजवळ, गोंदिया जिल्ह्यात, चोरखमारा गेटच्या बाजूला. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प. सफारीला आलेले लोक वाघ बघून परत जातात, पण जंगलाच्या नावात पाणी आहे. झिरा म्हणजे डोंगरातून बारमाही पाझरणारं पाणी. ते कोणी सोडत नाही, कोणी बंद करत नाही. मुळं खोल गेलेल्या झाडाला तिथे पाणी मागावं लागत नाही. हा झिरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं मातीचं कवेलूचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. घराबरोबर मागची परसबागही उकलावी लागणार होती, कारण तिथेच विटा-रेती पडणार, शौचालयाचा खड्डा तिथेच, आणि पावसाचं पाणी भिंतीकडे येतं म्हणून सगळ्या जमिनीचा उतारही बदलायचा होता. त्या बागेत आईचं सगळं होतं. अळू, ज्याच्या पानांना आमच्याकडे धोप्याची पानं म्हणतात, हळद, आलं, गवती चहा, अडुळसा, आणि मधोमध तुळस. अळूचे कंद आईने लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माहेरून आणून लावलेले. दर वर्षी त्यांना नवीन कंद फुटायचे, म्हणजे झाड नवं आणि वंश जुना.

गवंडी म्हणाला, "काढून टाका सगळं, नंतर नवीन लावा." आई म्हणाली, "काहून टाकायचं? तोवर ठेवू नं कशात तरी."

आणि ते 'कशात तरी' जमवण्यात दोन दिवस गेले. निळा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून त्याचे दोन पसरट टब झाले. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या आल्या. एक बूड गेलेलं घमेलं आणि सिमेंटच्या काही गोण्याही कामाला आल्या. प्रत्येकाला तळाशी भोकं पाडली, भोकांवर फुटक्या कवेलूचे तुकडे उपडे ठेवले, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणीही तुंबणार नाही. वरून बागेतलीच माती, शेणखत आणि थोडं भाताचं तूस. अळू उपटलं नाही, भोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचललं. मोठी पानं काढून टाकली, मधलं कोवळं पान तेवढं राहू दिलं. मुळं तुटलेली असताना झाडाला एवढ्या पानांचा संसार झेपत नाही. मग सगळे टब गोठ्याच्या पूर्वेला आंब्याखाली ठेवले. सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारचं टळावं.

हे सगळं आम्ही सात-आठ महिन्यांसाठी करत होतो. पण आईचा हात बघितला असता तर वाटलं असतं, ही जन्मभराची बाग लावतेय.

आता कुंडीचं पहिलं गणित. जमिनीतलं झाड स्वतः पाणी शोधतं. वरची माती सुकली तर मूळ खाली जातं, ओलाव्याकडे वळतं. कुंडीतल्या झाडाला हे करता येत नाही. जेवढी माती तेवढंच त्याचं जग. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कडेने प्लॅस्टिक तापतं, माती आवळते, आणि अळूसारखं पाण्यावर जगणारं झाड दुपारी माना टाकतं. म्हणून कुंडीला रोज पाणी घालावं लागतं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. रविवारी एकदम पाच बादल्या ओतून आठवड्याचा हिशोब होत नाही. जास्तीचं पाणी भोकातून निघून जातं आणि बुधवारी झाड पुन्हा कोरडं.

मंडळी, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या साधनेचं हेच आहे. गावात असताना आपण झिऱ्याकाठी होतो. पहाटे आजीचं पुटपुटणं कानावर पडायचं. संध्याकाळी मंदिरातून टाळ ऐकू यायचे. विदर्भातल्या कितीतरी गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना व्हायची. आपण काही 'करत' नव्हतो, तरी आत ओल राहायची. आणि आपल्याला वाटायचं, आपण मुळातच भाविक आहोत. मग आपण हिंजवडीला किंवा बंगळुरूला आलो, तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीत. इथे झिरा नाही. आणि सहा महिन्यांनी म्हणतो, "काय माहीत यार, आता पहिल्यासारखा भाव येत नाही." भाव कुठे गेला नाही. आता पाणी आपल्या हाताने घालायचंय, एवढाच फरक पडलाय. रोज दहा मिनिटं, पण रोज. महिन्यातून एकदा रात्रभर भजनाला बसणं छानच, पण त्याने बुधवारचं पाणी होत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. हलवलेल्या झाडाकडून लगेच काही मागायचं नाही.

युरोपात रूबार्ब नावाची एक भाजी घरोघरी लावतात. लाल-हिरवे जाड देठ, चवीला आंबट. देठ साखर घालून शिजवतात, पानं मात्र विषारी म्हणून टाकून देतात. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली ती, आणि वैद्यांच्या रेवंदचिनीची तर सख्खी बहीण. वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारं झाड. बागेचं काम निघालं की तिथले लोक थंडीत, झाड झोपलेलं असताना, त्याचा गड्डा काढून मोठ्या कुंडीत ठेवतात. आणि त्यांचा एक जुना नियम आहे: हलवल्यावर पहिलं वर्ष देठ तोडायचे नाहीत. पानांना ऊन खाऊ द्यायचं, खाली गड्ड्यात ताकद साठू द्यायची. पहिल्याच हंगामात देठ ओरबाडले, तर झाड खचतं.

गोंदियाच्या उन्हात ते झाड टिकणं कठीण, पण हा नियम आईने कुठेही न वाचता पाळला. त्या पावसाळ्यात अळूला सुंदर पानं आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वड्या होतील की. आई म्हणाली, "राहू द्या या वर्षी. आत्ता कुठं बसलं ते." वड्या झाल्या, पण बाजारातून आणलेल्या पानांच्या.

आपण स्वतःला ही सवलत देतो का? नवीन शहर, नवीन नोकरी, नवीन लग्न, नाहीतर घरात नुकतंच कोणी गेलेलं. आणि आपण स्वतःकडून लगेच पूर्वीसारखं पीक मागतो. ध्यान पूर्वीसारखं लागलं पाहिजे, पारायण पूर्वीच्या वेगाने झालं पाहिजे. नाही झालं की स्वतःवर चिडतो. १९व्या श्लोकातलं 'जे मिळेल त्यात समाधान' आपण नेहमी बाहेरच्या गोष्टींना लावतो: जेवण, पगार, खोली. ते आपल्या साधनेलाही लावून बघा. आज माळ अर्धीच झाली? अर्धी तर अर्धी, ती प्रेमाने अर्पण करा. उद्या पुन्हा पाणी घाला. दुसऱ्यांनाही हीच सवलत द्या. घरात नवीन आलेली सून, टीममध्ये नवीन आलेला पोरगा, यांच्याकडे पहिल्याच महिन्यात देठ मागायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट मुळांची. कुंडीत जास्त दिवस राहिलं की मूळ कडेला धडकतं आणि गोल फिरायला लागतं. काही काळाने मातीपेक्षा मुळंच जास्त होतात. असं झाड परत जमिनीत लावताना मुळांची ती गुंडाळी हाताने थोडी मोकळी करावी लागते. नाहीतर मोकळ्या जमिनीतही मुळं जुन्या कुंडीच्या आकारातच घुटमळत राहतात. म्हणजे तात्पुरत्या जागेची हेळसांड करू नका, हे जितकं खरं, तितकंच तिला कवटाळू नका हेही खरं.

आमच्या भागातला धान हेच शिकवतो. आधी एका लहानशा तुकड्यात दाट पेरून पऱ्हे तयार करतात. तोवर बाकीच्या बांध्यांमध्ये चिखल होत असतो. तीन-चार आठवड्यांनी पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि रोवणी करायची. पऱ्ह्याच्या तुकड्यात रोप किती हिरवंगार आणि सुखी दिसतं! पण तिथे फार दिवस राहिलं तर पुढे फुटवे कमी येतात. आणि रोवल्यावर पहिले काही दिवस ते पिवळं पडतं, मलूल दिसतं. अनुभवी शेतकरी घाबरत नाही. त्याला माहीत असतं, रोप आत्ता मूळ धरतंय.

आता परत शब्दाकडे येऊ. अनिकेत म्हणजे घराची पर्वा नसलेला माणूस का? वाल्मीकी रामायणात अयोध्याकांडात एक प्रसंग आहे. राम, सीता आणि लक्ष्मण चित्रकूटला येतात. लक्ष्मण लाकडं आणि पानं आणून पर्णकुटी बांधतो. राजवाड्यातून निघालेला राजपुत्र, वनवासातली झोपडी, आणि तिथे किती दिवस राहायचं हेही नक्की नाही. पण श्रीराम त्या झोपडीत सरळ जाऊन बसत नाहीत. आधी विधिपूर्वक वास्तुशांती करतात, देवतांना बली अर्पण करतात आणि मग आत पाऊल ठेवतात. पुढे तीच कुटी सोडून ते दंडकारण्यात निघूनही गेले. किती दिवसांसाठी, हा प्रश्न त्यांनी वास्तुशांतीच्या आड येऊ दिला नाही.

घर पाडलं त्या दिवशी आम्ही गोठ्यात राहायला गेलो. गुरं आधीच विकली होती. जमीन शेणाने सारवून घेतली होती, एका बाजूला ताडपत्री. मी गॅस जोडायच्या मागे होतो. आईने आधी एक आंब्याची पेटी धुऊन उपडी ठेवली, त्यावर धुतलेलं फडकं टाकलं आणि देव मांडले. म्हणाली, "देव बसले का झालं घर." त्यानंतर चहा.

सात-आठ महिने म्हणालो होतो. बांधकामाचे हिशोब कधी कोणाचे जमलेत? पैसे थांबले, पाऊस आला, गवंडी दुसऱ्या कामावर गेला. पहिला पावसाळा गोठ्यात गेला, मग हिवाळा. आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी, नवीन घरावर स्लॅब पडायच्या आधी, बाबा गेले. गोठ्यातच, पहाटे, झोपेत.

माझ्या मनात एकच गोष्ट सलत होती. चाळीस वर्षं राबलेला माणूस, आणि शेवट गोठ्यात. स्वतःच्या घरात नाही. तेराव्यानंतर एकदा मी हे आईजवळ बोललो. ती टबांना पाणी घालत होती. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "गोठ्यात काहून म्हणतो? तुझे बाबा आपल्या घरीच गेले. देवाजवळ दिवा होता, मी बाजूले होती. अजून काय लागते घराले?"

मग मला गेलं वर्ष-दीड वर्ष आठवायला लागलं. बाबांनी त्या गोठ्यात एकही दिवस वाट बघत काढला नव्हता. खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. रेडिओची जागा ठरली होती. संध्याकाळी दाराशी खाट टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाज द्यायचे. "घर झाल्यावर या" असं त्यांनी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. "या, चहा घ्या" म्हणायचे. नवीन घराची हौस त्यांना पुरेपूर होती, खिडक्यांचं माप स्वतः घेतलं होतं. पण जगणं त्यांनी त्या खिडक्यांसाठी थांबवून ठेवलं नव्हतं. ते गोठ्यात थांबून राहिले असते आणि मग गेले असते, तर मी म्हणालो असतो की शेवटची दीड वर्षं वाया गेली. आता तसं म्हणता येत नाही.

मला १९व्या श्लोकातला अनिकेत तेव्हा जरासा कळला. त्याचं घर कोणी हिरावलेलं नसतं. त्याने आपली स्थिरता भिंतींकडे गहाण ठेवलेली नसते, म्हणून भिंती पडल्या तरी ती त्याच्याजवळ राहते. याच श्लोकावर बोलताना ज्ञानेश्वर माउली म्हणतात की अशा भक्ताला सगळं विश्वच घर वाटतं. आणि हे माउली कुठे बसून सांगतायत? आळंदीने वाळीत टाकलं, शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. जन्मगाव नाही, कायमचा मुक्काम नाही. आपण सगळे ज्या ग्रंथाचं पारायण करतो, तो वाटेतल्या मुक्कामी झालेला आहे. माउली "एकदा सेटल होऊ दे" म्हणाले असते तर?

आणि खरं बघितलं तर हा देहसुद्धा कुंडीच आहे ना? मोठी असेल, लहान असेल, नक्षीची असेल, पण एक दिवस माती मोकळी होणार आहे. तोवर तिला पाणी घालणं हे आपलं काम. कुंडी आपली नाही म्हणून झाड वाळू देणं हे वैराग्य नव्हे. तो आळस आहे, वैराग्याचे कपडे घातलेला. आणि झाडासाठी आणलेली कुंडी पूजत बसणं हा मोह. या दोहोंच्या मधून जी अरुंद वाट जाते, तिच्यावर भगवंत आपल्या लाडक्या भक्ताला चालताना बघतात.

घर गेल्या वर्षी पूर्ण झालं. परसबागेचा उतार नीट झाला, पाणी आता भिंतीकडे येत नाही. अळू जमिनीत गेलं, दोन टब आईने मुद्दाम तसेच ठेवलेत. या पावसाळ्यात पहिल्यांदा घरच्या पानांच्या वड्या झाल्या. चिंच घालूनच, नाहीतर घसा धरतो. पहिली वडी देवाला, दुसरी बाबांच्या फोटोपुढे.

आजचा संकल्प साधा आहे. तुम्ही आत्ता जिथे आहात, ती जागा कितीही तात्पुरती असो, तिथे आज देवासाठी एक जागा करा. खिडकीची कड चालेल, पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा चालेल, अगदी डेस्कवरचा कोपरासुद्धा. तिथे रोज दहा मिनिटं बसा. घर बदलाल तेव्हा ती जागा उचलून सोबत न्या. आणि ज्याला आपण "सेटल झाल्यावर भेटू" म्हणून ठेवलंय, त्याला आजच एक फोन करा.

उद्या श्लोक २०, बाराव्या अध्यायाचा समारोप.

राम कृष्ण हरी.